तिघऱ्याचा तळ: कयाक आणि फिश फाइंडर, सात महिन्यांच्या नोंदी

10 नोव्हेंबर, रविवार

काम कशासाठी करतेय ते आधीच लिहून ठेवते, म्हणजे पुढे भरकटायला नको. ग्वाल्हेरजवळच्या तिघरा धरणाच्या पाण्याचा एक फाटा टेकड्यांमध्ये शिरतो. लांबी सहाशे मीटरच्या आसपास, रुंदी कुठे शंभर, कुठे दीडशे. या फाट्याच्या तळाचा खोलीचा नकाशा करायचा आहे. साधन म्हणजे मासेमारीच्या शौकिनांसाठी मिळतो तो छोटा फिश फाइंडर, प्रतिध्वनीवरून तळ आणि मासे दाखवणारं यंत्र. आठवीला ‘ध्वनी’ शिकवताना प्रतिध्वनीचं सूत्र दरवर्षी फळ्यावर लिहिते. मुलं ते पाठ करतात, गणितं सोडवतात आणि परीक्षेनंतर विसरतात. त्याच सूत्रातून आपल्या गावाच्या पिण्याच्या पाण्याचा तळ काढलेला त्यांच्या हातात ठेवायचा आहे.

परवानगीचा कागद आला. अटी साध्या आहेत: भिंतीपासून आणि पाणी उचलण्याच्या जागेपासून लांब राहायचं, लाइफ जॅकेट अंगात असल्याशिवाय पाण्यावर जायचं नाही, अंधार पडायच्या आत परत यायचं.

आज पाण्यावर गेलेच नाही. काठावरच्या दगडी पायरीवर पाणी जिथे टेकलं होतं तिथे ऑइल पेंटने लाल रेघ ओढली. ही माझी शून्य पातळी. तिघरा पूर्ण भरतं समुद्रसपाटीपासून 740 फुटांना, आणि पावसाळ्यानंतर पातळी दिवसागणिक उतरत जाते. आज मोजलेले सहा मीटर आणि मेमध्ये मोजलेले सहा मीटर हे दोन वेगळे तळ असणार. रेघ नसती तर सात महिन्यांचे आकडे एकमेकांशी बोललेच नसते. पाणी खाली गेल्यावर रेघेपासूनचं अंतर गवंड्याच्या लेव्हलच्या नळीने काढायचं.

17 नोव्हेंबर, रविवार

मुलांना घेऊन किल्ल्यावर. तटाच्या एका सरळ भिंतीपासून टेपने 51 मीटर मोजले आणि तिथे उभं राहून टाळ्या. आधी नुसती एक टाळी, मग तिचा प्रतिध्वनी. मग टाळी आणि प्रतिध्वनी एकावर एक पडतील अशी लय पकडायची. मुलांना दहा-बारा मिनिटं लागली, पण एकदा लय बसली की ती अंगात भिनते. वीस टाळ्यांच्या अंतराला 6 सेकंद. म्हणजे एका फेरीला 0.3 सेकंद, जाऊन-येऊन 102 मीटर, वेग 340. पुस्तकातल्या आकड्याच्या इतक्या जवळ आलो की मागच्या रांगेतल्या मुलाने घड्याळ स्वतःच्या हातात घेऊन पुन्हा मोजायला लावलं. पुन्हा तेच.

मग त्यांना सांगितलं की पाण्यात हाच आवाज सेकंदाला जवळजवळ 1480 मीटर धावतो, चौपटीहून जास्त. दहा मीटर खोल तळाला जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा सत्तरावा-पंच्याहत्तरावा भाग पुरतो. फिश फाइंडर एवढंच करतो: टाळी वाजवतो, घड्याळ लावतो. टाळी 200 किलोहर्ट्झची असते, आपल्या कानाच्या दसपट वरची, म्हणून ऐकू येत नाही.

24 नोव्हेंबर, रविवार

भाचा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तो सुट्टीला आलाय. ट्रान्सड्यूसर, म्हणजे फिश फाइंडरचा आवाज सोडणारा आणि ऐकणारा भाग, कुठे बसवायचा यावर दिवसभर अंगणात.

कयाक, म्हणजे अरुंद छोटी नाव, भावाची जुनी, वर बसून वल्हवायची, एका साच्यातली प्लॅस्टिकची. बाहेर काही लटकवलं की झुडपात अडकतं, काठाला आपटतं. म्हणून आधी आतून प्रयत्न. प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्यातून आवाज बऱ्यापैकी पार होतो, मात्र ट्रान्सड्यूसर आणि पत्रा यांच्यात हवा राहता कामा नये. हवेचा एक बुडबुडा म्हणजे आवाजासाठी भिंतच. याच कारणाने हवा भरायच्या रबरी कयाकच्या तळातून हा उद्योग होत नाही.

पहिल्यांदा एम-सील लावून चिकटवलं. टाकीत ठेवून पाहिलं तर पडद्यावर तळाची रेघ फिकट, तुटक. उखडून बघितलं: एम-सीलमध्ये मोहरीएवढे सात-आठ बुडबुडे. दुसऱ्यांदा फोमची छोटी चौकट चिकटवून तिच्यात पाणी भरलं आणि ट्रान्सड्यूसर त्या पाण्यात उभा केला. रेघ लगेच ठसठशीत झाली. मात्र या पद्धतीत तापमान कयाकच्या पोटातल्या पाण्याचं कळतं, तलावाचं नाही, आणि मला तापमान हवंच आहे.

“मावशी, मग बाहेरच लावू या,” असं म्हणून तो प्लंबरच्या दुकानातून पाऊण इंची पीव्हीसी पाइप, दोन एल्बो आणि क्लॅम्प घेऊन आला. कडेला बसणारा, वर उचलता येणारा हात तयार झाला. ट्रान्सड्यूसर पाण्याखाली 15 सेंटिमीटर राहतो. हे 15 सेंटिमीटर यंत्राच्या सेटिंगमध्ये भरले, नाहीतर खोलीचे सगळे आकडे तेवढ्याने कमी आले असते.

1 डिसेंबर, रविवार

पहिली फेरी. सकाळी आठला पाणी आरशासारखं. सोबत नेहमीचे नाववाले भैया त्यांच्या होडीतून, मी आणि भाचा कयाकमध्ये.

आजचा धडा मोठा होता. फाट्याच्या मध्यावर वल्हं थांबवून मी वहीत लिहीत बसले. वर पाहते तो पडद्यावर लांबच लांब सपाट तळ. “किती सपाट आहे बघ,” मी म्हणाले. भाच्याने वल्हं मारलं आणि तळ झपकन खाली गेला. आम्ही जागेवर उभे होतो, यंत्र एकाच ठिकाणचा तळ पुन्हा पुन्हा काढत होतं. पडद्यावरची आडवी दिशा म्हणजे अंतर नव्हे, काळ. उजव्या कडेला आत्ताचा क्षण, डावीकडे सरकत गेलेला भूतकाळ. हे मला माहीत होतं. तरी डोळ्यांनी फसवलं, कारण ते चित्र डोंगराच्या कापासारखं दिसतं आणि आपण त्याला डोंगरच समजतो.

माशांच्या कमानीही याच कारणाने. आवाजाचा झोत शंकूसारखा पसरतो. मासा कडेने आत आला की यंत्रापासून थोडा लांब असतो, मध्यावर सर्वांत जवळ, बाहेर जाताना पुन्हा लांब. काळाच्या पट्टीवर त्याची कमान उमटते. नाव आणि मासा दोघेही स्थिर असले तर सरळ रेघ येते, आणि ती काडी आहे की मासा ते नुसत्या रेघेवरून सांगता येत नाही.

माशांची चित्रं दाखवणारं सेटिंग बंद करून टाकलं. ते सुरू असताना पाण्यात अर्धवट बुडालेल्या बाभळीत दोन मीटरला मोठा मासा, तीनला लहान, चारला पुन्हा मोठा असं दाखवत होतं. भैयांनी बांबू घालून हलवलं. फांद्या होत्या.

8 डिसेंबर, रविवार

पडद्यावर वरपासून खालपर्यंत ठिपक्यांचा पाऊस. कारण सापडलं: वजन वाचवायला भाच्याने पॉवर बँक आणि व्होल्टेज वाढवायची छोटी पट्टी वापरली होती, तिचाच विद्युत गोंगाट आत शिरत होता. यूपीएसची 12 व्होल्ट 7 अँपिअर-अवरची बॅटरी लावली, तारेत 3 अँपिअरचा फ्यूज घातला, पडदा स्वच्छ. बॅटरी दोन किलोंच्या वर आहे, पण यंत्र अर्धा अँपिअरही खात नाही, अख्खी सकाळ निघते. डब्याच्या झाकणाला रबरी वॉशर.

22 डिसेंबर, रविवार

दोरीचा दिवस. यंत्राचा आकडा दोरीने तपासल्याशिवाय नकाशात घालायचा नाही, हे पहिल्यापासून ठरवलेलं.

बाजारातून नायलॉनची तीन मिलिमीटर जाडीची दोरी आणली होती. घरी गच्चीवर पसरून दर अर्ध्या मीटरला रंगीत धाग्याची गाठ मारली, टोकाला एक किलो शिसं. फाट्याच्या तोंडाशी सर्वांत खोल जागी होडीचा नांगर टाकला. शिसं सोडलं, तळाला टेकल्याचं हाताला कळलं, दोरी ताठ केली. 10.0 मीटर. यंत्र म्हणतंय 10.5.

अर्धा मीटर! पाच टक्के. पुन्हा टाकली. 10.0. सहा वेळा टाकली. यंत्र बिघडलंय, अशी माझी खात्री होत आली होती. नाववाले भैया दोरी गुंडाळता गुंडाळता बोटांत चाचपत होते. म्हणाले, “मॅडमजी, ये रस्सी तो पानी पी के लंबी हो गई.”

काठावर आल्या आल्या ओली दोरी शिसं लोंबकळत ठेवून झाडाच्या फांदीला बांधली आणि स्टीलच्या टेपने मोजली. पहिल्या दोन मीटरला सहा सेंटिमीटर जास्त. नायलॉन ओलं झालं की लांबतं, वजनानेही ताणतं. म्हणजे दहा मीटरच्या गाठीपर्यंत प्रत्यक्षात 10.3 मीटर दोरी पाण्यात गेली होती. अर्ध्या मीटरपैकी तीस सेंटिमीटर दोरीची चूक.

उरले वीस. ते रात्री वहीत सुटले. यंत्राच्या पुस्तिकेत पाण्यातला आवाजाचा वेग 1500 मीटर धरलाय. तो वेग तापमानावर हलतो: गोड्या पाण्यात 10 अंशांना 1447, 20 ला 1482, 30 ला 1509. आज पाणी 17 अंश होतं, म्हणजे 1472 च्या आसपास. आवाज हळू धावतो, प्रतिध्वनी उशिरा येतो, यंत्राला वाटतं तळ लांब आहे. 1472 भागिले 1500, सुमारे 0.981. पाण्याखालच्या यंत्रापासूनचं 10.35 गुणिले 0.981, अधिक ते 15 सेंटिमीटर, उत्तर 10.30.

दोरी आणि यंत्र एका आकड्यावर आले. रात्रीचे साडेअकरा वाजले होते. आईला उठवून सांगितलं.

दोरी आता ओली करून, शिसं लटकवून, टेपला लावून पुन्हा गाठी मारल्या. प्रत्येक फेरीला पाण्याचं तापमान लिहायचं आणि त्या दिवसाचा गुणक लावायचा.

29 डिसेंबर, रविवार

धुकं. काठावरून आपल्याच कयाकचं दुसरं टोक दिसेना. परत.

घरी बसून धरणाचं वाचन. सांक नदीवर हे धरण 1916 मध्ये झालं आणि पुढच्याच वर्षी, 19 ऑगस्ट 1917 ला फुटलं. पायाखालच्या वालुकाश्मात पाणी झिरपत गेलं. खाली गावं होती, माणसं गेली. किल्ल्याचा कातळ, ग्वाल्हेरच्या आमच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांचे चिरे, सगळा वालुकाश्मच, म्हणून ती ओळ वाचून क्षणभर थांबले. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली ज्यांचं पेटंट घेतलं ती आपोआप उघडणारी दारं आधी पुण्याजवळ खडकवासल्याला बसली आणि नंतर इथे तिघऱ्याला. पुण्याचं पाणी आणि ग्वाल्हेरचं पाणी यांचं असं नातं आहे, आणि ते मला या वयात कळतंय.

1917 हे साल आणखी एका कारणाने लक्षात राहील. त्याच वर्षी फ्रान्समध्ये पॉल लांजव्हँ यांनी क्वार्ट्झच्या स्फटिकातून पाण्यात आवाज पाठवला. स्फटिकाला विजेचा झटका दिला की तो थरथरतो, आणि थरथरला की वीज देतो. क्यूरी बंधूंनी 1880 मध्ये दाखवलेला गुण. तोच गुण वापरून माझा ट्रान्सड्यूसर एकाच चकतीने टाळीही वाजवतो आणि ऐकतोही. पाणबुड्या शोधायची विद्या माशांपर्यंत यायला तीस वर्षं लागली: जपानच्या नागासाकीत फुरुनो बंधूंनी 1948 मध्ये मासे शोधायचं यंत्र विकायला आणलं.

12 जानेवारी, रविवार

रेघेपासून पाणी 0.6 मीटर खाली. तापमान 15, गुणक 0.977.

आडव्या फेऱ्या सुरू: या काठावरून त्या काठावर, दर पंधरा मीटरला एक. यंत्राला दोन झोत आहेत, 200 किलोहर्ट्झचा 20 अंशांचा अरुंद आणि 83 किलोहर्ट्झचा 60 अंशांचा रुंद. दहा मीटर खोलीवर अरुंद झोत साडेतीन मीटरचं वर्तुळ बघतो, रुंद झोत साडेअकरा मीटरचं. रुंदच लावला. कमी फेऱ्यांत जास्त तळ दिसेल असा हिशोब केला.

बावीस फेऱ्या झाल्या. दोन्ही खांदे भरून आले. आईने संक्रांतीचे तिळाचे लाडू दोन दिवस आधीच डब्यात दिले होते, चार भैयांना, चार आम्हाला. उत्तरेकडच्या चिखलाच्या काठाजवळ भैयांनी जाऊ दिलं नाही, थंडीत ऊन खायला तिथे मगर पडलेली असते. त्या पट्टीचे आकडे नाहीत, आणि नसलेलेच बरे.

19 जानेवारी, रविवार

जागा आणि खोली यांची यादी संगणकावर चढवली, नकाशा उमटला. गुळगुळीत बशी. फाट्याच्या मधोमध एक उथळ खळगी, कडेपेक्षा मीटरभर, सव्वा मीटर खोल. सुंदर आहे, पण मन मानत नाही. भैया म्हणाले होते, त्यांचे वडील सांगायचे की इथे पाण्याखाली नाला आहे, त्यात जाळं अडकतं. नकाशात नाला नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

पाणी रेघेखाली 1.0. तापमान 19.

अरुंद झोत लावून फक्त मधल्या पट्ट्यावर, दर पाच मीटरला फेरी. वल्हवायचा वेग सेकंदाला एक मीटरच्या आसपास, त्याहून जास्त नाही.

चौथ्या फेरीला, डाव्या काठापासून साठेक मीटरवर, पडद्यावरची तळाची रेघ 5.3 वर चालली होती. एकसारखी, पिवळसर, मऊ गाळाची. आणि ती तुटली. खाली 8.9 वर दुसरी रेघ उगवली, लालभडक आणि तिच्या खाली दुप्पट खोलीवर तिचीच फिकी सावली. सहा सेकंद ती राहिली. मग पुन्हा 5.3 वरची पिवळी रेघ. भाच्याने वल्हं उचललं. दोघंही काही बोललो नाही. उलटं फिरून त्याच रेषेवर परत आलो: 5.3, मग खड्डा, मग 5.3. पाच मीटर वर सरकलो, तिथेही तेच, थोडं उजवीकडे.

नाला आहे. रुंदी आठ मीटर, दोन्ही काठ जवळजवळ उभे, तळ कठीण. लाल रंग आणि दुप्पट खोलीवरची सावली हीच कठीण तळाची खूण: आवाज इतक्या जोरात परत येतो की पाण्याच्या पृष्ठभागावर आपटून पुन्हा खाली जाऊन पुन्हा येतो. गाळ आवाज पिऊन टाकतो, त्याला सावली पडत नाही.

जानेवारीत हाच नाला मी ओलांडून गेले होते. बावीस वेळा. रुंद झोताने एवढ्या मोठ्या वर्तुळातून येणारा सगळ्यात पहिला प्रतिध्वनी पकडला, आणि पहिला प्रतिध्वनी जवळच्या वस्तूचा असतो, म्हणजे नाल्याच्या काठाचा. तळाचा प्रतिध्वनी मागून येत होता आणि काठाच्या आवाजात बुडत होता. जास्त दिसेल म्हणून घेतलेल्या झोताने उभ्या भिंती घासून बशी केली. जानेवारीचे मधल्या पट्ट्याचे आकडे मी आज खोडले. कडेचा उतार सौम्य आहे, तिथले ठेवले.

गुणक लावून, 1.0 मिळवून: काठ 6.2, तळ 9.8, लाल रेघेपासून.

भैयांना पडदा दाखवला. त्यांनी बोट ठेवून त्या तुटलेल्या रेघेचा काठ गिरवला आणि म्हणाले, “पिताजी झूठ नहीं बोलते थे.”

2 मार्च, रविवार

नाल्याचा माग वरच्या अंगाला. दोनशे दहा मीटरपर्यंत सापडला, पुढे गाळाने भरलाय.

आज माशांबद्दल. लोक विचारतात, मासे दिसतात का. दिसतात, पण सगळे नाहीत, आणि कोणते दिसत नाहीत हे समजून घेतलं पाहिजे. माशाचं मांस आवाजाला जवळजवळ पाण्यासारखंच असतं. प्रतिध्वनी येतो तो मुख्यतः त्याच्या पोटातल्या हवेच्या पिशवीचा. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. ट्रान्सड्यूसरखालचा पहिला अर्धा-पाऊण मीटर आंधळा असतो, कारण टाळी वाजवून चकती अजून थरथरत असते. त्याच्या लगेच खाली शंकू इतका अरुंद की कटला चुकूनच त्यात येतो, शिवाय कयाकची सावली पडली की तो बाजूला होतो. मृगळ तळाला लागून असतो, त्याचा प्रतिध्वनी तळाच्या रेघेत मिसळतो. उरतो रोहू. पडद्यावर रोहूच रोहू दिसले म्हणून तलावात रोहूच आहेत असं ठरवणारा माणूस चुकणार.

भैयांच्या जाळ्यात आज चार कटले होते. त्याच जागी माझ्या पडद्यावर रिकामं पाणी.

6 एप्रिल, रविवार

परीक्षा, पेपर तपासणी. फक्त पातळी मोजून आले: रेघेखाली 1.7.

11 मे, रविवार

पहाटे साडेपाचला पाण्यावर, नऊच्या आत बाहेर. त्यानंतर लू सुरू होते. पाणी रेघेखाली 2.2, पृष्ठभाग 31 अंश.

फाट्याच्या तोंडाशी, जिथे डिसेंबरात दोरी टाकली होती तिथे, खोलीचा आकडा नाचू लागला. 4.3, 8.4, 4.3, 8.4. पडद्यावर सव्वाचार मीटरला आडवा धुरकट पट्टा, कॉफीवर साय धरावी तसा. खाली खरा तळ. यंत्र कधी याला तळ म्हणत होतं, कधी त्याला. संवेदनशीलता कमी केली तेव्हा पट्टा फिका झाला आणि आकडा 8.4 वर थांबला. दोरी टाकली: 8.5, आणि पृष्ठभागाच्या तापमानाचा गुणक लावून यंत्रही तिथेच.

डिसेंबरात इथे पट्टा नव्हता. सगळ्या कमानी पट्ट्याच्या वर आहेत, खाली एकही नाही.

याशिवाय गाळाच्या भागात तळापासून वर जाणाऱ्या बारीक तिरक्या रेघा. आधी वाटलं लहान मासे वर येताहेत. मग होडीच्या कडेला पाहिलं तर बुडबुडे फुटत होते. उन्हाळ्यात गाळ तापतो, कुजतो, वायू सुटतो. रेघ तिरकी, कारण बुडबुडा वर चढतोय आणि पडदा डावीकडे सरकतोय. पुन्हा काळच.

18 मे, रविवार

धुरकट पट्ट्याची तपासणी. यंत्राचं तापमान फक्त पृष्ठभागाचं असतं, म्हणून खालचं पाणी वर आणायचं साधन घरी केलं: काचेची जाड बाटली, तळाला शिसं बांधलेलं, तोंडाला बूच, बुचाला वेगळी सुतळी. हव्या त्या खोलीवर सोडायची, सुतळीला हिसका देऊन बूच काढायचं, भरेपर्यंत वीस मोजायचे आणि भराभर ओढून थर्मामीटर घालायचा.

पृष्ठभागाला 31. तीन मीटरला 30.5. साडेपाच मीटरला 26.5. तिघींनी आळीपाळीने वाचलं (आज दहावीच्या दोन मुली सोबत होत्या, आयांची चिठ्ठी आणि लाइफ जॅकेट घेऊन). तीन आणि साडेपाचच्या मध्ये चार अंशांची पायरी, आणि पट्टा नेमका त्याच पायरीवर.

उन्हाने वरचं पाणी हलकं होतं आणि थंड, जड पाण्यावर तरंगत राहतं. दोन्ही मिसळत नाहीत. मधल्या सीमेवर सूक्ष्म जीव आणि कचरा साचतो, तो आवाज परत पाठवतो. खालच्या थराला हवेचा प्राणवायू पोचत नाही, आणि होता तो कुजणाऱ्या गाळाने खाल्लेला. म्हणून मासे वर. साडेपाच मीटरवरच्या पाण्याला नाक लावलं, हलका सडक्या अंड्याचा वास होता. एका मुलीने विचारलं, हे पाणी आपण पितो का. तिला सांगितलं की नळाला यायच्या आधी ते शुद्धीकरणातून जातं. पण तिचा चेहरा गंभीर झाला होता आणि तो तसाच राहावा असं मला मनापासून वाटलं. शहराच्या पाण्याला एक पोट आहे, ते उन्हाळ्यात गुदमरतं, हे चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना ठाऊक असायला हवं.

1 जून, रविवार

वादळ. फेरी रद्द. नकाशाचा दुसरा मसुदा छापला: बशी गेली, नाला आला. चिखलाची पट्टी कोरीच ठेवली आहे, तिथे अंदाजाने रंग भरला नाही.

15 जून, रविवार

उद्यापासून 15 ऑगस्टपर्यंत मासेमारी बंद, माशांच्या विणीचा काळ. भैया जाळी धुऊन वाळत घालणार. आमचीही या मोसमातली शेवटची फेरी. पाणी रेघेखाली 2.9.

आज कयाक नाही, भैयांची होडी. एका वेळी दोन मुलं. यंत्र बंद करून पिशवीत ठेवलं आणि दोरी त्यांच्या हातात दिली. नाल्याच्या रेषेवर आडवं जायचं, दर मीटरला भैया थांबणार, मुलं शिसं सोडणार.

किल्ल्यावर घड्याळ हिसकावून घेणारा मुलगा दोरीवर होता. 3.3. 3.3. 3.3. त्याला कंटाळा यायला लागला. भैयांनी एक हलका बांबू मारला. शिसं सोडलं, साडेतीनची गाठ बोटांतून गेली, चारची गेली, आणि त्याने घाबरून माझ्याकडे पाहिलं, कारण दोरी अजून जातच होती. साडेचार. पाच. साडेपाच. सहा. साडेसहाची लाल गाठ पाण्यात शिरली आणि शिसं टेकलं, टेकताना टक्क करून, गाळात रुततं तसं नाही. दोरी ताठ करून त्याने पाण्याच्या रेषेशी चिमटीत धरली. सातच्या गाठीला दहा सेंटिमीटर कमी.

“6.9,” तो म्हणाला. मग पायरीवरच्या लाल रेघेकडे बघत, बोटं मोजत: “मॅडम, 2.9 मिळवायचे ना?”

वहीत लिहिलं: 9.8.